नवी संगणकभाषा शिकायची, पण पाटी कोणती?



गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस दारात आलेला असताना, मालवणजवळच्या एका बौद्धवाडीतील भगिनी आमच्याकडे आल्या. काजूच्या कारखान्यात बी फोडण्याचे काम त्या करतात. टरफलाच्या तेलाने बोटांची टोके काळी पडलेली. त्याच बोटांत घट्ट धरलेला एक कागद त्यांनी आमच्यापुढे ठेवला. एका खासगी संगणक वर्गाने दिलेली ती यादी होती. पायथन ही भाषा शिकायची तर सोळा जीबी मेमरीचा नवा लॅपटॉप हवा, असे त्यात लिहिले होते. खाली दुकानदाराने पेनाने किंमत टाकली होती, रुपये ६२,०००.

"भाऊ, चेडवाक नवो लॅपटॉप व्हयो म्हणतत. बासष्ट हजार खंयसून हाडू मी?"

बचतगट तीस हजार देणार होता, उरलेले दुकानाच्या हप्त्याने. हप्ता कशातून फेडणार, असे विचारले तर उत्तर आले, शिष्यवृत्तीतून. आमच्या घरांतील ज्यांनी ज्यांनी शिष्यवृत्तीची वाट पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की ती येते, पण हप्त्याची तारीख बघून येत नाही. मुलगी मागे दाराला टेकून उभी. बारावीला संगणक विषय घेतलेला, सी प्लस प्लस भाषा शिकलेली, आता पदवीच्या पहिल्या वर्षाला. आईने तोंड उघडले की ती मान खाली घाली.

आम्ही तिला तीनच गोष्टी विचारल्या. शिकायची भाषा कोणती? घरात आज कोणते यंत्र आहे? आणि पहिल्या तीन महिन्यांत तुला त्या भाषेत काय करून बघायचे आहे? पहिल्याचे उत्तर पायथन. दुसऱ्याचे, एक मोबाईल, आणि रविवारी समाजमंदिरातले दोन जुने संगणक, जे वाडीच्या मुंबई मंडळाने कुठल्याशा कचेरीतून निघालेले आणून दिले आहेत. तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प राहिली. हा प्रश्न तिला वर्गात कोणी विचारलाच नव्हता. आधी यंत्र, मग भाषा, आणि कशासाठी ते शेवटी, असा उलटा क्रम लावला गेला होता.

आता ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाचा प्रोग्राम हा मुळात साधा मजकूर असतो. तो लिहायला एक जागा लागते, त्याला एडिटर म्हणतात. लिहिलेले यंत्राला समजेल असे करून देणारा एक दुभाषा लागतो, तो कंपायलर किंवा इंटरप्रिटर. आणि चूक कोठे झाली ते एकेक पाऊल टाकून दाखवणारा तिसरा, तो डीबगर. ही तिन्ही साधने एका खिडकीत बसवून दिली की त्या संचाला आयडीई म्हणतात. आपण त्याला पाटी म्हणू. भाषा वेगळी आणि पाटी वेगळी. हे वाक्य सोपे वाटते, पण ते न कळल्यामुळे आमचीच काही वर्षे वाया गेली आहेत.

१९९६-९७ च्या सुमारास आम्ही मुंबईत एका खासगी वर्गात सी भाषा शिकलो. एका संगणकावर दोघे, तासाला मोजून पैसे, खिशात फ्लॉपी. पडदा निळा, अक्षरे पिवळी. तो टर्बो सी प्लस प्लसचा पडदा होता. अमेरिकेतील बोरलँड कंपनीचा हा माल. या कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल काढले तेव्हा लिहिण्याचे साधन आणि कंपायलर एकाच ठिकाणी, आणि किंमत पन्नास डॉलरच्या आत, ही मोठीच गोष्ट होती. इतरांचे कंपायलर शेकडो डॉलरला विकले जात. १९८७ मध्ये टर्बो सी आले, १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस. आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत तो निळा पडदा जो शिरला तो पुढे पंचवीस-तीस वर्षे हलला नाही. ऑल्ट-एफ नाइन दाबले की तपासणी, कंट्रोल-एफ नाइन दाबले की चालू, ऑल्ट-एफ फाइव्ह दाबले की उत्तर. आम्ही हे मंत्रासारखे पाठ केले होते. कंट्रोल-एफ नाइन हा सी भाषेचाच एक भाग आहे अशी आमची कित्येक महिने प्रामाणिक समजूत होती.

त्या पडद्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. अशक्त यंत्रावर तो धावे, इंटरनेट मागत नसे, एका फ्लॉपीत आमचे वर्षभराचे काम मावे. गरिबाच्या पोरांना त्याने शिकवले हे खरे आहे. परंतु सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप ठरले १९९८ साली, आणि निळा पडदा त्याच्या आधीचा. म्हणजे भाषेचे व्याकरण ठरण्यापूर्वीच्या पाटीवर पोरे ते व्याकरण घोकत राहिली. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तर तो सरळ चालतही नाही. डॉसबॉक्स नावाचे, मुळात जुने खेळ खेळण्यासाठी केलेले एक सोंग मध्ये घालून त्यातून तो चालवावा लागतो.

या मुलीलाही बारावीला निळा पडदाच मिळाला होता. तेव्हा पायथनकडे वळण्यापूर्वी आम्ही समाजमंदिरात एक गंमत केली. तिचे वडील जेटीवर मासळीचे क्रेट उचलतात, बर्फ फोडतात. व्यापाऱ्याच्या हिशेबाची एक चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. सुरमई ५६ किलो, दर ६५०. आम्ही तिला म्हटले, याचा गुणाकार करणारा प्रोग्राम तुझ्या बारावीच्या पद्धतीने निळ्या पडद्यावर लिही. तिने भरभर लिहिला. कंट्रोल-एफ नाइन. उत्तर आले, उणे २९,१३६.

वडील हसायला लागले. "म्हणजे मासळी आमची आणि पैसे पण आम्हीच देवचे?"

मुलगी रडवेली झाली. तिने पुन्हा पुन्हा तपासले, चूक सापडेना. चूक तिची नव्हतीच. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला दोन बाइटची जागा मिळते, आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ५६ गुणिले ६५० म्हणजे ३६,४००. भांडे भरून वाहिले, आणि ६५,५३६ वजा होऊन उणे आकडा पडद्यावर आला. हाच प्रोग्राम आजच्या कंपायलरवर चालवला तर त्याच पूर्णांकाला चार बाइट मिळतात आणि ३६,४०० हेच उत्तर येते. पाटी बदलली की गणिताचे उत्तर बदलते, हे वडिलांना त्या दिवशी आमच्या कोणत्याही भाषणापेक्षा नीट समजले.

आता आम्हांला एक कबुली द्यायची आहे. ती टाळून हा लेख लिहिणे बरे दिसणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा येत असे. गवंड्याचा मुलगा, हुशार, हस्ताक्षर मोत्यासारखे. त्याला सी प्लस प्लस आम्ही शिकवली, आणि आम्हांला जी पाटी ठाऊक होती तीच त्याला दिली. त्याने एकदा विचारलेही होते की, काका, मित्रांकडे दुसरेच काहीतरी असते, कोडब्लॉक्स म्हणून, ते घेऊ का? आम्ही म्हणालो, भाषा एकच आहे, उगाच नाद नको. भाषा एकच आहे हे खरे होते. पण आम्ही बोललो ते नव्या पाटीला आम्हीच घाबरत होतो म्हणून. पुढे पुण्यात एका कंपनीच्या परीक्षेला तो गेला. समोर निळा पडदा नव्हता. त्याने सवयीप्रमाणे पहिली ओळ लिहिली, आयोस्ट्रीम डॉट एच. यंत्र म्हणाले, अशी फाईलच नाही. त्याला वाटले स्पेलिंग चुकले. त्याने ते चार वेळा बदलले. मग पडदा पुसण्याची आज्ञा चालेना, मग वॉइड मेनवर यंत्र अडले. पाऊण तासाच्या परीक्षेतला अर्धा तास त्यातच गेला. खरे तर चारच बदल हवे होते: डॉट एच गाळायचे, त्याखाली यूझिंग नेमस्पेसची एक ओळ घालायची, वॉइडच्या जागी इंट लिहायचे आणि कोनिओचा सगळा संसार काढून टाकायचा. पाच मिनिटांचे काम. पण ते त्याला कोणी दाखवले नव्हते, आणि दाखवायला हवे होते ते आम्ही.

रात्रीच्या एसटीने तो परत आला. दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत बसून एवढेच म्हणाला, "काका, माका सगळा येय होता."

आज तो कुडाळला एका पतसंस्थेत चांगला नोकरीला आहे, भेटला की जयभीम घालतो, मनात काही ठेवलेले नाही. आमच्या मनात मात्र ते वाक्य आहे.

तेव्हा या मुलीच्या बाबतीत आम्ही दोन्ही बाजूंनी सावध होतो. बासष्ट हजारांचे कर्जही नको, आणि आमच्या सोयीची जुनी पाटीही नको. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या आमच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सरळ व्हीएस कोड द्या. सगळीकडे तेच चालते." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेले हे साधन फुकट आहे, हलके आहे, आणि कोणत्याही भाषेसाठी चालते. पण नवशिक्याला त्यात पहिल्याच दिवशी ठेच लागते ती अशी, की व्हीएस कोड हा मुळात नुसता एडिटर आहे. दुभाषा त्याच्यासोबत येत नाही. पायथन वेगळी घालावी लागते, मग तिचे एक्स्टेन्शन, आणि विंडोजवर पायथन घालताना पाथची ती छोटी चौकट खूण करायची राहिली तर पुढे यंत्र म्हणते पायथन सापडत नाही. सी प्लस प्लससाठी तर जीसीसी कंपायलर स्वतः आणून बसवावा लागतो. भाच्याला हे सगळे दहा मिनिटांचे वाटते, कारण त्याच्या शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस आहे. आमच्या वाडीत आठवड्यातून एकदा, रविवारी, आम्ही आहोत. आणि आमचेही ज्ञान किती ते वर सांगितलेच आहे.

समाजमंदिरातले संगणक चार जीबी मेमरीचे. त्यांवर विंडोज सेव्हन होते. पायथनच्या नव्या आवृत्त्या विंडोज सेव्हनवर चालत नाहीत, ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची, आणि तिचीही देखभाल २०२४ मध्ये थांबली. म्हणून आम्ही दोन रविवार घालवून त्यांवर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई म्हणतात ती आवृत्ती चढवली. फुकट आहे, आणि जुन्या यंत्राला जड होत नाही. त्यात पायथन आधीपासूनच असते. पाटी म्हणून थॉनी घेतले. एस्टोनिया नावाच्या छोट्या देशातील तार्तू विद्यापीठात हे खास नवशिक्यांसाठी तयार झाले. वर लिहायची जागा, खाली उत्तर, बस्स. एक कळ दाबली की प्रोग्राम एकेक पाऊल चालतो आणि कोणत्या नावात कोणती किंमत आहे ते बाजूच्या तक्त्यात दिसते. आमच्या मते फळ्यावर शिक्षक जे करून दाखवतो तेच हे आहे. ज्यांच्याकडे चालू विंडोज आहे त्यांनी पायथनबरोबर येणारे आयडल वापरले तरी चालेल. ते पायथनचे जनक गिडो वॅन रॉसम यांनीच १९९८ च्या सुमारास केलेले आहे. दिसायला साधे, पण पहिले दोन महिने पुरून उरते.

अँड्रॉइडचे ॲप करायचे असते तर गोष्ट निराळी होती. अँड्रॉइड स्टुडिओला खरोखरच किमान आठ जीबी लागतात, आणि आत खोटा मोबाईल चालवायचा तर सोळा. त्या यादीतला सोळाचा आकडा कदाचित तिथून उचललेला असावा. पण आपल्याला घ्यायची होती पायथन.

राहिला मोबाईल. किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको, जून ते सप्टेंबर वीज आणि नेट ही पाहुणी असतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा तर मालवण-देवगडकडे कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. म्हणून जे साधन केवळ इंटरनेटवर चालते त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये, मग ते गूगलचे कोलॅब का असेना. आम्ही तिच्या मोबाईलमध्ये पायड्रॉइड घालून दिले. एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालते. लांब प्रोग्राम बोटांनी टंकणे म्हणजे शिक्षाच आहे, आणि पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली की अर्थ बिघडतो, ती लहान पडद्यावर पटकन दिसत नाही. परंतु रविवारी थॉनीत लिहिलेला वीस ओळींचा प्रोग्राम आठवडाभर घरी उघडून वाचणे, एखादी ओळ बदलून बघणे, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

शिकवणारे माणूस जवळ नसेल त्यांनी पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल पाहावे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या पैशातून ते झाले. छोटे छोटे पाठ, त्यांतले बरेचसे मराठी आवाजात. सी आणि सी प्लस प्लसचे पाठ लिनक्सवर, साध्या एडिटरमध्ये आणि जीसीसीने करून दाखवले आहेत. त्यांच्याबरोबर शिकणाऱ्याला पाटी निवडण्याचा प्रश्नच पडत नाही. त्यांनी केले तसे शेजारी करत जायचे.

एका गोष्टीबाबत आम्ही कडक राहिलो. आजच्या पाट्या अर्धी ओळ लिहिली की उरलेली अर्धी स्वतः लिहून देतात, आणि २०२१ नंतर तर कोपायलटसारखी साधने अख्खा प्रोग्राम पुढ्यात टाकतात. कामाला लागलेल्या माणसाला त्याचा उपयोग असेल, भाचा तर त्याच्यावाचून बसत नाही. शिकणाऱ्याने मात्र पहिले काही महिने ते बंद ठेवावे. दुसऱ्याने सोडवलेले गणित वहीत उतरवून पोर पास होते, तशातला तो प्रकार.

आणि चुकांची वही. ही कल्पना आमची नाही, मुलीचीच. मराठी माध्यमातल्या मुलांना खरी भीती असते ती इंग्रजीतल्या लाल ओळींची. पडदा लाल झाला की पोर खिडकी बंद करते. तिने एक जुनी दोनशे पानी घेतली. डावीकडे यंत्राचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे, उजवीकडे त्याचा मराठीत अर्थ आणि तो दोष कसा गेला ते. आम्ही फक्त एवढी भर घातली की पायथनमध्ये लाल मजकुराची शेवटची ओळ आधी वाचायची, आणि सी प्लस प्लसमध्ये पहिली. कारण सी प्लस प्लसमध्ये एक अर्धविराम सुटला की यंत्र खाली पंधरा चुका दाखवते, आणि वरची पहिली दुरुस्त केली की बाकीच्या बहुतेक आपोआप नाहीशा होतात. ऑगस्टपर्यंत त्या वहीत एकोणचाळीस चुका झाल्या होत्या. चाळिसावी करायला घाबरायचे कारण उरले नव्हते.

तीन महिने थॉनीत काढल्यावर, गणपतीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता तेव्हा त्याच्याच हातून समाजमंदिरातल्या एका संगणकावर व्हीएस कोड बसवून घेतले. तोच मासळीच्या हिशेबाचा प्रोग्राम तिने त्यात उघडला. पहिल्या दिवशी गोंधळली. चालवायची कळ कोठे, उत्तर कोठे दिसते, तक्ता कोठे गेला. दुसऱ्या रविवारी तिने स्वतःच दुसऱ्या मुलाला दाखवले. महाविद्यालयात प्रॅक्टिकलला जी पाटी देतील तीही तिने शिकायची आहे, मार्क तिच्यावर आहेत. आमचा तिला एवढाच आग्रह, की प्रत्येक नवा प्रोग्राम दोन पाट्यांवर चालवून बघायचा. पुण्यातल्या त्या पाऊण तासाची आठवण म्हणून म्हणा.

लॅपटॉप घेतलेला नाही. पुढेमागे लागेल, तेव्हा कशासाठी लागतो ते तिला सांगता येईल. बचतगटाच्या पैशातून घरावरचे फुटके पत्रे बदलले.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाचे. काय करून बघायचे आहे, याला तिने जुलैमध्ये उत्तर दिले. आईची मजुरी किलोवर असते. रोजचे किलो आई कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवते, आणि महिन्याअखेर बेरीज करायला शेजारणीकडे जाते. मुलीने मोबाईलमध्ये बारा ओळींचा प्रोग्राम केला: किलो विचारायचे, दराने गुणायचे, बेरीज ठेवायची. प्रोग्रामातल्या नावांनाही तिने किलो, दर, मजुरी अशी मराठी नावे दिली. पायथन ३ ला ती चालतात. पण आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिने मराठी कीबोर्डवरून आकडा टाकला तो मराठीच, '१२.५' असा. मुलगी ओरडली, आई, इंग्रजी आकडा घाल, नाहीतर लाल होईल. आम्हीही तेच म्हणणार होतो. तेवढ्यात आईने बटण दाबलेसुद्धा.

लाल काही झाले नाही. वाचून घेतलेला आकडा देवनागरीत असला तरी पायथनला तो समजतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. मुलीने ते वहीत लिहून घेतले. चूक नसल्यामुळे कोणत्या पानावर लिहावे याचा तिने थोडा वेळ विचार केला, आणि मग मलपृष्ठावर लिहिले.